चौघांचा एक शिपाई

नाकावरून भांडण होणार, हे भट्टीवालीनं आपल्या थोरल्या मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं. "चार घरच्या माणसांना एका मातीच्या तोंडापुढे उभं करणार तू, आणि वर म्हणतोस शांतपणे होईल. तुमची साधी बैठक तरी कधी शांतपणे झालीय का?"

"आई, आज शेवटचा दिवस आहे. उद्या गोणपाट काढायचं आणि पुतळा वाळायला ठेवायचा. एकदा वाळायला लागला की मातीला बोट लावता येत नाही. काय भांडायचं ते ओलं आहे तोवर भांडून घेऊ दे त्यांना."

"आणि चहा कोण करणार?"

"तू," थोरला म्हणाला आणि सटकला.

कल्पनाही त्याचीच होती. लढाईत गेलेल्या पोरांसाठी गावानं काहीतरी उभं करायचं ठरलं, तेव्हा दोघातिघांनी शहरातून दगडाचा शिपाई मागवायची भाषा केली. थोरला उठून म्हणाला, निम्मा मुलूख आपल्या कौलांखाली झोपतो आणि आपण शिपाई विकत आणणार? मग ठरलं, आपल्याच खाणीतली माती, आपलीच भट्टी. पण चेहरा कुणाचा? गावातून पाच पोरं गेली होती, चार तिकडेच राहिली. एकाचा चेहरा केला तर बाकी तीन घरांच्या काळजाला घरं पडणार. थोरल्यानं त्यावरही तोड काढली. नाक लोहाराच्या पोराचं, कान टपालवाल्याच्या पोराचे, हनुवटी शिंपिणीच्या पोराची, आणि कपाळ नि डोळे आपल्या आत्याच्या पोराचे. कुणा एकाचा नाही आणि सगळ्यांचा. ही युक्ती बैठकीला इतकी पसंत पडली की असा माणूस दिसेल कसा, हे कुणी विचारलंच नाही.

बाहेर चौकात तर कामाला ऊत आला होता. प्रत्येक घरानं चौथऱ्यासाठी आपापला दगड आणून टाकला होता, आणि कुणाचा दगड दर्शनी बाजूला बसणार यावरून गवंड्याला वीट आला होता. "सगळेच दर्शनी हवे असतील तर चौथरा फिरता करतो," तो म्हणायचा. लोहारानं कठडा घडवला, सुतारानं शिपायाला उभं धरायला सांगाडा दिला, आणि ज्यांना काहीच येत नव्हतं ते येऊन सल्ले देत होते. कित्येक दिवसांत गाव असं खूश दिसलं नव्हतं. भट्टीवालीला ते बघून बरं वाटायचं. फक्त ते बरं वाटणं ती चेहऱ्यावर येऊ देत नसे.

कारण पाचवा परत आला होता, आणि तो तिचा धाकटा होता.

मागच्या थंडीत तो आला. दारात उभा राहिला, तिनं त्याला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. अंगणापलीकडे वन्संचं घर. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. दोघींचे नवरे कधीच गेले होते आणि दोघींची पोरं एका ताटात जेवून मोठी झाली होती. गेली तीही हातात हात घालून. वन्संचा पोरगा, भिंगरी, तिकडेच राहिला आणि हिचा आला. मग हिनं हसायचं कुठल्या तोंडानं? त्या दिवशी शेजारपाजारचं कुणी भेटायला आलं नाही. कोण येणार, आणि आल्यावर कोणाच्या तोंडाकडे बघणार? वन्संनी दुसऱ्या दिवशी अंगणातूनच विचारलं, "जेवलास का रे?" तो म्हणाला, "हो." तेव्हापासून धाकटा दिवसभर मागच्या वाळवणीच्या शेडमध्ये एकटाच कौलं पालथी घालत बसायचा, आणि भट्टीवाली आपला आनंद चोरीच्या मालासारखा घरात लपवून वावरायची.

"आई, भावजींचा सदरा मागं घातला तर दोन-दोन दिवस वाळत नाही," थोरली सून कपबशा पुसत म्हणाली. "ऊन सगळं पुढच्या अंगणात."

"मागंच घाल."

"आत्यांना माहीत नाही का ते घरात आहेत?"

"माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांपुढे फडफडणं वेगळं. पाणी उकळलं बघ."

सुनेनं कपाळाला हात लावला, पण तो सासूची पाठ वळल्यावर.

कारखान्यात चहा घेऊन पोचेपर्यंत भांडण रंगात आलं होतं. शिपायाचं धड भिंतीशी उभं होतं, गळ्यापर्यंत ओल्या गोणपाटात. डोकं वेगळं, लाकडी घडवंचीवर. एवढा मोठा पुतळा अखंड भाजला तर तडकतो, म्हणून आतून पोकळ ठेवून कंबरेशी आणि मानेशी कापलेला. वन्सं डोक्याशेजारी पाण्याचं भांडं घेऊन उभ्या होत्या. आढ्यावर बसवायचे मातीचे पक्षी करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण माणूस त्यांनी पहिल्यांदाच केला होता. डोळ्यांवरचं आणि कपाळावरचं फडकं त्यांनी आजवर कुणालाही काढू दिलं नव्हतं.

"हे नाक माझ्या घणाचं नाही," लोहारीण म्हणत होती. पोरगा बापासारखा दणकट, म्हणून गावानं त्याचं नाव घण ठेवलं होतं. "हे बकरीचं नाक आहे."

"परवा तूच दाबून दाबून असं केलंस," वन्सं म्हणाल्या.

"मी नुसतं गोंजारलं."

"तू गोंजारलंस की लोखंड वाकतं, ही तर माती आहे."

 टपालवाल्यानं अंगठा आणि तर्जनीच्या मधे शिपायाचा कान धरला, मग तेच अंतर तसंच ठेवून आपल्या कानाला लावून बघितलं. "जरा बाहेर पाहिजेत," तो म्हणाला. "आमच्या किटलीचे कान लांबून दिसायचे. मी गल्लीच्या तोंडाशी आलो की आधी कान दिसायचे, मग तो दिसायचा."

"आणखी बाहेर काढले तर भट्टीत झडतील," थोरला म्हणाला.

"झडू देत. पण बाहेर पाहिजेत."

शिंपिणीनं तर सुईच काढली होती. हनुवटीवरची खळी नेमकी कुठे होती ते तिनं सुईच्या टोकानं दाखवलं, मग म्हणाली, नाही, जरा डावीकडे, मग म्हणाली, माझं डावं नाही, त्याचं डावं. तिचा पोरगा, टाचणी, अंगानं काडी होता. धडावर बटणं कमी आहेत अशीही तिची तक्रार होती. सगळे हसले. भट्टीवालीला हसू फुटायला आलं, तसं तिनं चहाच्या ट्रेमध्ये तोंड घातलं.

"झालं का तुमचं?" वन्संनी हात धुतले. "आता सगळा बघा."

आणि त्यांनी फडकं काढलं.

 लोहारणीनं कप खाली ठेवला. नाक घणाचं होतं, कान किटलीचे, खळी टाचणीची, सगळं ज्याचं त्याच्यापाशी. पण डोळे आणि कपाळ उघडं पडल्याबरोबर ते सगळं जुळून आलं होतं, आणि घडवंचीवरून बघत होता तो चौघांपैकी कुणीच नव्हता.

"अगंबाई," सून म्हणाली. "हे तर भावजी."

 जिवंत माणसाचा चेहरा मेलेल्यांच्या चौथऱ्यावर. भट्टीवालीनं ट्रे कुणाच्या तरी हातात दिला, आणि खुंटीवरची तार काढली. ओल्या मातीचे गोळे कापायची ती तार, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. तिनं मुठी हातांत घेतल्या.

"आई," थोरला मधे आला. "असं करू नकोस. महिनाभराची मेहनत आहे."

"बाजूला हो."

"तिचं बरोबर आहे," लोहारीण म्हणाली. "पाचातला एक हाताला लागला, तोही चौथऱ्यावर चढवायचा का? मोडा ते."

"मोडा कसं?" टपालवाला घाईनं म्हणाला. "कान तर माझ्याच मुलाचे आहेत."

"कान कापून देते तुम्हाला वेगळे," भट्टीवाली म्हणाली. एरवी ती टपालवाल्याशी असं कधी बोलली नसती. मग ती नणंदेकडे वळली. "वन्सं, का केलंत असं? माझ्यावर राग आहे तर मला बोला. त्याला कशाला वर चढवलंत?"

वन्सं पुतळ्याकडेच बघत होत्या. त्यांचा आवाज मात्र रोजचाच होता.

"मला आठवेना गं वहिनी," त्या म्हणाल्या. "माझ्याच पोराचा चेहरा. हात मातीत घातले आणि डोळ्यांपुढे काही येईना. त्याचा सदरा येतो, चप्पल येते, ओरडणं येतं. तोंड येत नाही. आता कुणाला सांगू हे? आई आहे ना मी त्याची. दोघं एका साच्यातले दिसायचे, म्हणून मग शेडच्या फटीतून धाकट्याला बघत बसायची आणि इकडे येऊन करायची. वाटलं, त्याच्यातून माझा निघेल. पण तुझाच निघाला."

 भट्टीवालीला वन्संची इतकी दया आली की तिचा राग आणखीच भडकला.

"पण माझा जिवंत आहे हो, वन्सं," ती ओरडली. "माझा जिवंत आहे."

बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात दाबला. आल्यापासून एवढ्या महिन्यांत तिनं हे एकदाही मोठ्यानं म्हटलं नव्हतं. रात्री उशीत तोंड खुपसूनसुद्धा नाही. आणि म्हटलं ते कुठे, तर चार गेलेल्यांच्या घरच्यांपुढे, भिंगरीच्या आईच्या तोंडावर. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

शिंपीण सुई पदराला टोचत म्हणाली, "आहेच की जिवंत. आम्हाला काय दिसत नाही? कपडे मागं वाळत घालतेस, त्याला जेवायला मागच्या दारानं नेतेस. माझ्या घराची खिडकी मागच्याच बाजूला आहे, बाई."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"वाटतंच वाईट. तू लपवलंस म्हणून कमी वाटतं का? उलट तुझ्या दारात आलं की श्वास धरून बसावं लागतं. तू हसत नाहीस, मग आम्ही कसं हसायचं?"

"आरडाओरडा कशाचा?" दारातून आवाज आला.

धाकटा उभा होता, कोपरापर्यंत मातीनं भरलेला. आईचा आवाज ऐकून धावत आला होता. त्यानं एकेकाकडे बघितलं, मग घडवंचीकडे बघितलं, आणि बघतच राहिला. भट्टीवाली पुढे झाली आणि पुतळ्यापुढे आडवी उभी राहू लागली, पण त्यानं तिला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं. तो डोक्याभोवती एक फेरी मारून आला.

"मावशी," तो लोहारणीला म्हणाला, "घणाचं नाक असं नव्हतं."

"हेच मी सकाळपासून सांगतेय."

"म्हणजे इथे असेल असं. तिकडे मोडलं त्याचं."

लोहारणीचा चेहरा पडला. "लढताना?"

"नाही. अंधारात साखर चोरायला मुदपाकखान्यात शिरला. आत आचारी उभा, हा उलटा पळाला तो थेट खांबावर. पुढे त्याचं नाक डावीकडे बघायचं आणि तो समोर. आम्ही म्हणायचो, घणा, तुझ्यामागून चालणारा रस्ता चुकेल."

 लोहारणीचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून सुनेनं तिला धरलं, पण ती हसत होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "साखरच," ती म्हणाली. "पाळण्यात होता तेव्हापासून चोर मेला."

"आमचा?" टपालवाला पुढे सरकला.

"किटली टोपी कानांवरून खाली ओढायचा, काका. झोपतानासुद्धा. तिकडे कुणाला कान कळू नयेत म्हणून. पण मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं."

"वा," टपालवाला म्हणाला, आणि त्याला फारच समाधान वाटलेलं दिसलं.

शिंपिणीला कळलं की तिच्या टाचणीनं दाढी राखली होती. तिचा विश्वास बसेना. त्याला दाढी येत होती? येत होती, धाकटा म्हणाला, पण इथे थोडी आणि तिथे थोडी, मधे मोकळी जागा. रोज आरशात बघून तो केस मोजायचा.

"हे सगळं तू आजवर सांगितलं का नाहीस रे?" थोरल्यानं विचारलं.

"कुणी विचारलं नाही," धाकटा म्हणाला. थोडा वेळ तो नखातली माती काढत राहिला. "आणि आपणहून सांगायला गेलो असतो तर काय वाटलं असतं? मी तेवढा परत आलो, हे दाखवायला आलोय असंच ना."

वन्संनी अजून काही विचारलं नव्हतं. त्या कापड पिळत होत्या. धाकटा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आत्या, तुला छपराची गोष्ट सांगतो. आम्ही कौलांच्या गावचे, म्हणून साहेबानं कोठारावर कौलं चढवायचं काम आम्हा पाचांनाच दिलं. आता आम्हाला कौलं भाजता येतात, चढवायची म्हणजे गवंड्याचं काम. पण हे तिथे कोण सांगणार? गावाची अब्रू. भिंगरी म्हणाला, त्यात काय आहे, मी भट्टीवर वाढलोय. चढला वर आणि आढ्यापासून सुरुवात केली."

"आढ्यापासून?" वन्सं म्हणाल्या.

"आढ्यापासून खाली."

आता हे कारखान्यातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. कौलं खालून वर चढवायची, वळचणीकडून, म्हणजे वरचं कौल खालच्यावर बसतं. उलटं केलं तर पाऊस सगळा घरात.

"माझ्या पोरानं आढ्यापासून लावली?" वन्संना लाज वाटू लागली होती, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत आलेली पहिली धडधाकट भावना होती. "अरे, तुम्ही चौघं खाली काय करत होता?"

"आम्ही वर कौलं देत होतो. संध्याकाळी पाऊस आला. साहेब आत पिठाची पोती बघायला गेला, तो पांढरा होऊन बाहेर आला. आणि भिंगरी वर बसून इतका हसला, इतका हसला, की बसल्या जागेवरून घसरत कौलं घेऊन खाली. त्याचं हसणं आठवतं ना तुला? आवाज नाहीच. डोळे गच्च मिटून..."

"...आणि तोंड एवढं उघडं," वन्सं म्हणाल्या.

त्या थांबल्या. त्यांचा हात आपोआप वर आला, बोटांनी हवेतच काहीतरी चाचपलं. "डोळे मिटायचे त्याचे," त्या म्हणाल्या. "वहिनी, हसला की डोळे दिसायचेच नाहीत गं त्याचे. आणि मी इतके दिवस डोळे करत बसले होते. आला, आला बघ. हा आला."

त्यांनी भट्टीवालीच्या हातातली तार काढून घेतली आणि तिच्या हातात पाण्याचं भांडं दिलं.

मग जे काम सुरू झालं त्याला काम म्हणावं की धुमाकूळ, हे सांगणं कठीण. धाकटा सांगत होता आणि वन्सं करत होत्या. नाक मोडायचा मान लोहारणीनं घेतला आणि एका बुक्कीत उरकला. दाढीखाली खळी बुजणार म्हटल्यावर शिंपीण हटून बसली, शेवटी दाढीतल्या एका मोकळ्या जागेत खळीची सोय झाली. टोपीचा प्रश्न टपालवाल्यानं सोडवला, एक कान आत आणि एक बाहेर. "तो काय सारखी सारखी टोपी नीट करत बसणार आहे?" तो म्हणाला. भट्टीवाली पाणी देत होती, पातळ चिखल कालवून देत होती, आणि मिटलेल्या डोळ्यांच्या सुरकुत्या पडताना बघत होती. त्या चेहऱ्यात आता तिचा धाकटा कुठेच नव्हता. तो तिच्या शेजारी उभा होता, आणि त्याला भूक लागली होती.

फक्त थोरला तेवढा काळजीत पडला. "हसणारा शिपाई? चौथऱ्यावर? असे पुतळे मान खाली घालून उभे असतात. बाहेरचे लोक काय म्हणतील?"

"लोकांचा मुलगा आहे का?" शिंपीण म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

उन्हं उतरली तेव्हा सगळे हात धुऊन बाहेर पडले. वन्सं सगळ्यात शेवटी निघाल्या. दारापाशी त्यांनी लोहारणीच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं, तिनं शिंपिणीला सांगितलं. भट्टीवाली घरी येऊन चुलीपाशी बसली. हातपाय दुखत होते आणि मन मात्र हलकं झालं होतं. धाकटा आत कपडे बदलत होता. आपण वन्संपुढे काय ओरडलो ते तिला पुन्हा आठवलं. आज ना उद्या त्यांच्या पायाशी बसून माफी मागायला हवी, असं तिनं मनाशी ठरवलं.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली.

ती दचकली. आवारातली माणसं कडी वाजवत नसत, हाक मारत आत येत. तिनं पदराला हात पुसले आणि दार उघडलं. दारात वन्सं उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत घासून धुतलेले, केस विंचरलेले, अंगावर धुवट कपडे, लांबून कुणाकडे भेटायला यावं तशा. त्यांच्यामागे लोहारीण, शिंपीण, टपालवाला. त्यांच्यामागे गवंडी, सुतार आणि गल्लीतली माणसं, अंगणभर.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या. शब्द ठाम होते. "आत्ताच कळलं. धाकटा परत आला म्हणे?"

भट्टीवाली त्यांच्याकडे बघत राहिली.  मग ते हसू आलं, इतके महिने कोंडलेलं, आणि या खेपेला ते दडवायला तिच्या हातात ट्रे नव्हता.

"आला हो, वन्सं," ती म्हणाली. "सुखरूप आला." आणि ती आत वळली आणि पलीकडच्या गल्लीलाही ऐकू जाईल अशा आवाजात तिनं हाक मारली, "अरे धाकट्या, बाहेर ये. तुझी आत्या आलीय तुला बघायला."